बप्पांची टॉवेल-टोपी

अकरा वर्षं मी बीड जिल्ह्यात एका बियाणे कंपनीचा माणूस म्हणून फिरलो. त्या अकरा वर्षांत नेकनूरच्या बप्पांनी निदान तीनशे जणांना टॉवेल-टोपी दिली असेल. दाढी करणाऱ्याला दिली, म्हशीला इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरला दिली, आणि एकदा तर खांबावर चढलेल्या वायरमनला तो पुरता खाली उतरायच्या आत दिली. मला कधी दिली नाही. मी एकदा हसत हसत विषय काढला तर म्हणाले, "तुमाला कंपनी देती की पगार." पगार तर वायरमनलाही मिळतो. पण हे तोंडावर बोलायची माझी टाप नव्हती, कारण माझं निम्मं टार्गेट त्यांच्या एका दुकानातून पुरं व्हायचं.

दुकान म्हणजे बी-बियाणं, खतं आणि फवारणीची औषधं. माणूस उंच, किडकिडीत, पांढरा पायजमा, पांढरा सदरा, आणि दोरीनं गळ्यात अडकवलेला चष्मा. गल्ल्यामागे एक काचेचं कपाट होतं. इतर दुकानदार तिथे महागाची औषधं मांडतात. बप्पांच्या कपाटात टॉवेल आणि पांढऱ्या टोप्यांच्या चळती असत. बीडच्या एका कापडवाल्या चाचांकडून ते गठ्ठ्यानं माल आणायचे आणि प्रत्येक टॉवेलच्या कोपऱ्यावर दुकानाचं नाव आणि फोन नंबर छापून घ्यायचे. मान द्यायचा तर जाहिरात कशाला, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "मान त्येचा, कोपरा माजा."

आमच्या त्या भागात टॉवेल-टोपी लग्नात व्याह्याला मिळते, किंवा गावात आलेल्या पुढाऱ्याला. बप्पांना पुढाऱ्यांचं वावडं होतं. "हेनं काय केलं म्हून ह्येला टोपी?" असं भर सभेत विचारून त्यांनी दोन-तीन आमदारकीच्या उमेदवारांचे चेहरे उतरवले होते. टोपी द्यायची ती ज्यानं काम केलं त्याला, काम झाल्यावर, स्वतःच्या हातानं, आणि देताना नेमकं काय आवडलं ते तोंडावर सांगायचं, असा त्यांचा नियम. नुसतं 'छान' म्हणून चालायचं नाही.

त्यांच्याबरोबर ढाब्यावर जेवायला जाणं म्हणजे शिक्षा होती. शेवभाजी झाली, भाकरी झाली, बिल आलं, मी हात धुऊन गाडीपाशी उभा, आणि बप्पा गायब. ते मागे भटारखान्यात. चुलीपुढे घामाघूम बसलेल्या बाईपाशी उकिडवे बसून सांगायलेत, "बाई, दुसरी भाकर अशी फुगलीती की मला मोडावं वाटंना. तिसरी जरा करपलीती. पर दुसरी लई झ्याक." मग पन्नासची नोट तिच्या हातात. ती बाई करपलेल्या भाकरीबद्दल चिडावं की फुगलेल्या भाकरीबद्दल हसावं अशा गोंधळात. बीडच्या एका हॉटेलात टेबलावर बक्षिशीसाठी क्यूआर कोडचा स्टिकर लावलेला होता. बप्पांनी चष्मा चढवून तो बराच वेळ न्याहाळला आणि वेटरला विचारलं, "ह्या चौकोनाचं नाव काय? कुटं ऱ्हातो ह्यो? मला त्येला भेटायचंय."

एसटीनं बीडला गेले की उतरल्यावर ते गाडीला वळसा घालून ड्रायव्हरच्या खिडकीशी जायचे. मांजरसुंब्याचा घाट कसा उतरवला, कोणत्या वळणाला ब्रेक जोरात लागला, हे सगळं सांगून मग पिशवीत हात घालायचे. ड्रायव्हर मंडळी आधी दचकायची. नंतर नंतर घाटात गाड्या फार जपून उतरू लागल्या असं नेकनूरचे लोक सांगतात. खरंखोटं मला माहीत नाही, मी मोटारसायकलवाला.

सगळ्यात मोठा गोंधळ तालुक्याच्या एका कचेरीत झाला. तिथल्या कारकुनानं बप्पांच्या दुकानाचा परवाना चार दिवसांत नूतन करून दिला आणि चहासुद्धा घेतला नाही. दुसऱ्या दिवशी बप्पा टॉवेल-टोपी घेऊन हजर. कारकून खुर्चीतून उठून भिंतीला टेकला. त्याला वाटलं सापळा लावलाय, टॉवेलला पावडर लावलीय, आणि बाहेर साहेब लोक दबा धरून बसलेत. तो हात वर करून ओरडू लागला, "मी शिवलो न्हाई! सगळ्यांनी बघा, मी शिवलो न्हाई!" बप्पा त्याला टोपी घालायला पुढे, तो टेबलाभोवती मागे. शेवटी बप्पांनी कचेरीच्या मधोमध उभं राहून मोठ्यानं सांगितलं, "कामाआदी दिलं तर लाच. कामानंतर दिलं तर मान. मी काल न्हाई दिलं, आज द्यायलोय. घ्या बे!" कारकुनानं टोपी घेतली, पण हात रुमालात गुंडाळून.

घरीही तेच. रोज जेवण झाल्यावर बप्पा काकूंना आज काय जमलं, काय बिघडलं ते सांगणार. काकू मला म्हणायच्या, "पस्तीस वर्सं झाली, साहेब. एखांद्या दिशी मुकाट जेवा म्हनावं. टॉवेल तर घरात इतके झालेत, की पुसायला अंग उरलं न्हाई."

तर अशा माणसाला मी जहाजावर नेलं.

कंपनीची स्कीम होती. ज्या दुकानदारांनी ठरलेला माल उचलला त्यांना मुंबईहून निघणाऱ्या मोठ्या प्रवासी जहाजावर चार रात्रींची सहल. बीड जिल्ह्यातून चौतीस दुकानदार त्यात बसले. "सगळं कंपनीचं," मी प्रत्येकाला सांगितलं होतं. "जाणं-येणं, खाणं-पिणं, पाण्याची बाटलीसुद्धा." माझ्या नोकरीत खोटं बोलावं लागत नाही, खरं जरा उशिरा सांगावं लागतं. जहाजावर प्रत्येक प्रवाशाच्या नावावर रोजचं सेवाशुल्क म्हणून काही रक्कम लागते आणि ती कंपनी भरणार नाही, हे मला तिकिटं आली तेव्हाच माहीत होतं. उतरताना बघू, असं मी ठरवलं होतं.

बप्पा दोन पिशव्या घेऊन आले. एकीत कपडे आणि दुसरीत चाळीस टॉवेल, चाळीस टोप्या. "येवडी मोठी बोट, लई मानसं राबत असतील," ते म्हणाले.

दुकानदारांच्या सतरा खोल्या एकाच बोळात होत्या आणि त्या सगळ्यांची झाडलोट एकाच माणसाकडे. नाव निरंजन, ओडिशाचा, चाळिशी ओलांडलेला, कपाळावर चार आठ्या आणि ओठांवर कायम हसू. तो खोली आवरून जाताना पलंगावर टॉवेलाचं काहीतरी करून ठेवायचा. पहिल्या दिवशी हंस होता. बप्पांनी दार उघडलं आणि तिथंच थबकले. दुसऱ्या दिवशी हत्ती, तोही सोंड वर केलेला. बप्पा त्या हत्तीभोवती तीन वेळा फिरले. आयुष्यभर टॉवेल वाटलेल्या माणसाला टॉवेलाचं असंही काही होतं हे ठाऊक नव्हतं. त्या रात्री ते सतरंजी घालून खाली झोपले, हत्ती मोडू नये म्हणून.

हत्तीच्या त्याच दिवशी दुपारी खोलीतल्या टीव्हीवर त्यांना आपल्या नावाचं बिल सापडलं. ते तडक खाली काउंटरवर. मी धावत मागे.

काउंटरवरची मुलगी गोड बोलत होती. "सर, ये सर्विस चार्ज है. सब स्टाफ के लिए."

"किसने दिया?"

"आपने, सर."

"मैंने कब दिया?"

"कल रात को, सर. अपने आप लग जाता है."

"मैं तो सोया था!" बप्पा माझ्याकडे वळले. "साहेब, मी झोपलेलो असताना मी कुनाला तरी बक्षिशी दिली म्हनायली ही. कुनाला दिली? कशाबद्दल दिली? त्येला मी काय बोल्लो?"

मुलीनं सांगितलं की नको असेल तर अर्ज भरून काढून टाकता येतं. ही बातमी बोळात पोचायला दहा मिनिटं लागली. तेहतीस दुकानदार खाली उतरले. कंपनीचं सगळं फुकट म्हणून आलेली माणसं ती, त्यांना बप्पा देवासारखे वाटले. "बप्पा म्हनत्यात तेच खरं. सक्तीची कसली बक्षिशी बे?" असं म्हणत रांग लागली. बप्पांनी मात्र सगळ्यांना बजावलं, "फुकट न्हाई सुटायचं. हेच पैसे उद्या हातानं द्यायचेत. समदे देनार."

अर्ज इंग्रजीत होता. भरायला अर्थातच मी. खाली चौकोन होते: शुल्क काढण्याचं कारण. पहिला चौकोन 'सेवा समाधानकारक नव्हती'. शेवटचा 'इतर', आणि त्यापुढे कारण लिहायला तीन ओळी. चौतीस अर्ज, प्रत्येकी तीन ओळी. जेवणाची वेळ झाली होती आणि बुफेत कोळंबी संपते असं कालच पाहिलं होतं. शिवाय सेवाशुल्काचं आधी का सांगितलं नाही असं बप्पांनी अजून मला विचारलं नव्हतं, आणि ते विचारायच्या आत मला तिथून निघायचं होतं. मी चौतीस अर्जांवर पहिल्या चौकोनात खूण केली. दुकानदारांनी सह्या ठोकल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी मानाचा कार्यक्रम झाला. बोळातच. निरंजनला मध्ये उभं करून बप्पांनी त्याच्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला, आणि आपल्या हिंदीत भाषण केलं. "ये आदमी पायपुसणी भी सीदी रखता. और हत्ती... हत्ती का तो क्या बोलना." चौतीस जणांनी टाळ्या वाजवल्या आणि शंभर-दोनशे त्याच्या हातात ठेवले. एक-दोन जण हळूच मागच्या मागे सटकत होते, बप्पांनी त्यांना बाहीला धरून आणलं. मग कपडे धुणारे, डोसे करणारा, सकाळी डेक पुसणारा, सगळ्यांना टोप्या. इंजिन चालवणाऱ्यालाही द्यायची होती, पण खाली जाऊ देईनात. तेव्हा बप्पांनी दोन टॉवेल एका वेटरच्या हाती खाली धाडले आणि निरोप दिला की बोट हलत नाही, हे लई चांगलं जमलंय. संध्याकाळी जेवणाच्या हॉलमध्ये पांढऱ्या टोप्यांचे वेटर फिरताना पाहून एक गुजराती कुटुंब मला विचारत होतं, आज कोणता सण आहे?

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही नाश्ता करून परतलो तर बप्पांच्या पलंगावर टॉवेल होता. नुसता, चौकोनी घडी केलेला.

"हत्ती कावून न्हाई आज?" बप्पा म्हणाले.

निरंजन बोळात गाडी ढकलत होता. डोक्यावर टोपी नव्हती. तोंडावर हसू होतं, पण ते कामाचं. बप्पांनी त्याची गाडी अडवली. "क्या हुआ?"

"कुछ नहीं, साहब."

"कुछ नहीं तो हत्ती किधर गया?"

तो गाडी बाजूनं काढू लागला. बप्पा गाडीसमोर बोळात मांडी घालून बसले. जाणारी-येणारी माणसं थांबू लागली, तेव्हा निरंजननं इकडेतिकडे पाहत हळू आवाजात सांगितलं. ज्या प्रवाशानं सेवाशुल्क काढून घेतलं त्यानं हातानं दिलेलं सगळं वर जमा करावं लागतं, तसा तिथला नियम. ते त्यानं केलं. त्याचं वाईट नाही. पण त्याच्या सतरा खोल्यांतल्या चौतीसच्या चौतीस माणसांनी लिहून दिलं होतं की सेवा समाधानकारक नव्हती. एकाच माणसाविरुद्ध एवढ्या तक्रारी आल्याचं त्या जहाजावर कुणाला आठवत नव्हतं. त्याचं कॉन्ट्रॅक्ट पुढच्या महिन्यात संपत होतं. मोठ्या साहेबानं सांगितलं होतं की हे कागद असताना नवीन मिळणं कठीण. घरी मुलगी नर्सिंगला होती, दोन वर्षं राहिली होती.

मग तो म्हणाला, "साहब, टोपी पहनाया, अच्छा लगा. लेकिन गलती क्या हुआ, वो भी बता देते. सुधार लेता."

बप्पांचा चेहरा मी अकरा वर्षं पाहिला, पण तेव्हाचा तसा पुन्हा पाहिला नाही. ज्या माणसानं करपलेली भाकरीसुद्धा तोंडावर सांगितल्याशिवाय सोडली नाही, त्यानं पाठीमागे तक्रार केली असं निरंजनला वाटलं होतं. ते उठले आणि माझ्याकडे वळले.

"चौकोन कुनी भरले?"

"मी," मी म्हणालो.

"काय लिवलं?"

मी सांगितलं. कोळंबीचंही सांगितलं, का कोण जाणे. बप्पा एवढंच म्हणाले, "चला."

मोठ्या साहेबाच्या खोलीत टेबलावर आमचा सगळा मान जमा झालेला होता. टॉवेलांची चळत, टोप्यांची चळत, नोटांचं पाकीट. नियमात रोख रकमेचं लिहिलेलं होतं, टोपीचं काय करायचं ते कुठेच नव्हतं, त्यामुळे साहेब बिचारा एक टोपी हातात घेऊन तिची आतली बाजू तपासत बसला होता. तो गोव्याचा होता, मराठी समजत होतं. त्यानं सांगितलं की अर्ज मागे घेता येतील, पण ज्याचा त्यानं येऊन सही करायची, संध्याकाळी सहाच्या आत. उद्या सकाळी जहाज मुंबईला लागलं की कागद पुढे गेले.

एवढ्या मोठ्या जहाजावर उरलेले तेहतीस बीडकर शोधायचे म्हणजे काय, ते ज्यानं शोधलेत त्यालाच कळेल. काही पोहण्याच्या हौदात बनियनवर. काही बुफेत तिसऱ्या जेवणाला. बरेचसे मोठ्या हॉलमध्ये हाऊजी खेळत होते. बप्पा सरळ मंचावर चढले, आकडे पुकारणाऱ्या मुलीच्या हातातून माइक घेतला आणि शिट्ट्या सुरू असतानाच बोलले, "बीड जिल्ह्यातली मानसं भाईर या. बाकीच्यांनी खेळा."

हॉलबाहेर सगळे जमले. बप्पांनी निरंजनची गोष्ट सांगितली. शुल्क परत लावायचं म्हटल्यावर कुजबुज सुरू झाली. केजचा एक दुकानदार पुढे आला. "बप्पा, तुमीच म्हन्लात सक्तीची देऊ नका. तुमीच म्हन्लात हातानं द्या. हातानंबी दिलं. आता आनिक द्या? लोकं काय म्हनतील, बप्पा एका दिवसात फिरले?"

मी मान खाली घालून उभा होतो. आता बप्पा माझं नाव घेतील आणि चौतीस दुकानदार माझा माल घ्यायचे थांबतील, एवढंच डोक्यात होतं.

"फिरलो," बप्पा म्हणाले. "चूक झाली. माजी. बोटीचा कायदा इचारला न्हाई आन् आपला चालवला. तुमी मला हसा, नेकनूरला येऊन हसा. पर त्या मानसाची भाकर माज्या टोपीपायी जायली. सही करा."

मग अंबाजोगाईचे एक चाचा, फळबागांच्या औषधांचे जुने व्यापारी, खिशातून पेन काढत म्हणाले, "बप्पा, सही किधर करनी है?" त्यांच्यामागे रांग लागली. केजवाला सगळ्यात शेवटी आला. पुटपुटत आला, पण आला. एक जण बोट लागून खोलीत आडवा पडला होता, त्याच्या पलंगापाशी साहेबाला घेऊन बप्पा स्वतः गेले. सहाला चार मिनिटं कमी असताना चौतिसावी सही झाली.

मी सुटलो असं वाटलं. बप्पांनी काउंटरवरून प्रवाशांच्या अभिप्रायाचे चौतीस कोरे कागद आणले आणि माझ्यापुढे ठेवले. "आता 'इतर'मदी लिवा. समद्यांचं येगळं येगळं." मग एकेक दुकानदार समोर बसवून त्यांनी वदवून घेतलं. एकाला न मागता पाण्याची बाटली मिळाली होती. एकाचा चष्मा चादरीत गेलेला, तो शोधून दिला होता. केजवाला म्हणाला, "चप्पल जोडीनं लावून ठेवायचा. आमच्या घरी कुनी लावत न्हाई." मी लिहीत होतो. बोटं दुखली. कोळंबी त्या दिवशीही होती, मला मिळाली नाही.

सकाळी उतरताना निरंजन बोळाच्या तोंडाशी उभा होता. टॉवेल-टोप्या साहेबानं परत केल्या होत्या आणि त्याच्या डोक्यावर त्याची टोपी होती. काय होईल ते त्यालाही ठाऊक नव्हतं. बप्पा त्याला फार काही बोलले नाहीत. "गलती तुमारा नई था," एवढंच म्हणाले, आणि त्याचा हात बराच वेळ सोडला नाही.

पुढे सहा महिने मी दुकानात पाऊल ठेवलं की बप्पांचा पहिला प्रश्न, "निरंजनचं कळलं का काई?" नवीन वाण आलंय, स्कीम आलीय, कशाशी देणं-घेणं नाही. एकदा मी वैतागून म्हणालो, "हो, कळलं, झालं त्याचं काम." बप्पांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुमी उगवनशक्तीबद्दल बोलता तेव्हाच्या आवाजात बोलायलात," ते म्हणाले.

जूनमध्ये पेरणीची झुंबड उडाली होती. दुकानापुढे रांग, आत धक्काबुक्की, आणि बप्पांचा फोन वाजला. अनोळखी नंबर. त्यांनी स्पीकर लावला.

"साहब, निरंजन बोल रहा हूं. टॉवेल पे नंबर था..."

बप्पांनी हात वर केला. नेकनूरची अख्खी रांग गप्प झाली.

"नया कॉन्ट्रॅक्ट हो गया, साहब. दूसरा जहाज मिला. वो कागज सब पढ़ा ऊपर वालों ने. चप्पल वाला भी पढ़ा."

बप्पा खुर्चीत बसले. चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत काढला. एक म्हातारा शेतकरी मागून ओरडला, "बप्पा, दोन पिशव्या सोयाबीन!" बप्पा म्हणाले, "थांब बे. माजा मानूस बोलायला." मी औषधांच्या खोक्यांमागे जाऊन उगाच माल मोजू लागलो.

गेल्या वर्षी माझी बदली झाली. निरोप घ्यायला नेकनूरला गेलो. बप्पांनी चहा पाजला, आणि मग कपाट उघडून काहीतरी दोन्ही हातांत जपून धरून काउंटरवर ठेवलं. पांढऱ्या टॉवेलाचा एक गोळा होता, त्यातून एक लांबट काहीतरी लोंबत होतं, आणि वर टोपी.

"हे काय, बप्पा?"

"हत्ती."

"आणि हे?"

"त्यो कान. एकच जमला."

आतून काकू म्हणाल्या, "आठ दिस झाले, रोज त्या बोटीवाल्याला फोन लावून शिकायलेत. घरात एक टॉवेल जाग्यावर न्हाई."

बप्पांनी हत्तीवरची टोपी उचलून माझ्या डोक्यावर ठेवली आणि नियमाप्रमाणे सांगायला सुरुवात केली. "त्या दिशी चौतीस कागद पुन्ना लिवलेत. रात झाली तरी उठला न्हाईत. एकाबी कागदात खाडाखोड न्हवती."

"पण बप्पा, आधीची चूक माझीच होती. तुम्ही सगळ्यांपुढे आपल्या अंगावर घेतलीत."

"मला म्हाईत हाय. चुकीचा न्हाई ह्यो टॉवेल. पुन्ना लिवल्याचा हाय. न्या."

कंपनीनं मोटारसायकल आधीच परत घेतली होती, म्हणून एसटीनं निघालो. हत्ती मांडीवर, टोपी डोक्यावर. मांजरसुंब्याच्या घाटात सोंड सुटली. ती वळायचा मी बराच प्रयत्न केला, जमलं नाही. बीडच्या स्टँडवर उतरलो, चार पावलं गेलो, आणि परत फिरलो. गाडीला वळसा घालून ड्रायव्हरच्या खिडकीपाशी गेलो.

"घाट फार छान उतरवलात," मी म्हणालो. "तिसऱ्या वळणाला ट्रक आला तेव्हा धक्कासुद्धा लागला नाही." आणि पन्नासची नोट त्याच्या हातात दिली.

त्यानं माझ्या टोपीकडे पाहिलं, मग काखेतल्या सोंड सुटलेल्या हत्तीकडे.

"नेकनूरच्या बप्पांच्यातले का तुमी?"

"व्हय," मी म्हणालो.